बाई रुतल्या, शेकाटे उतरले
खाडीच्या चिखलाचा वास आला की मला भांडुपची ऐंशीच्या दशकातली एक सकाळ आठवते. आम्ही कॉलेजात होतो. राडारोडा उपसून खाडीचं पाणी पुन्हा आत घेतलेल्या एका पाणथळीवर पक्षी परत येतात का, हे पाहायला प्राणिशास्त्राच्या बाई आम्हाला घेऊन गेल्या होत्या. बराच वेळ कावळ्यांशिवाय कुणी फिरकेना. शेवटी वैतागून बाई पुढे गेल्या आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतल्या. आम्ही धावणार, तेवढ्यात शेकाट्यांचा थवा लांब गुलाबी पाय लोंबवत थेट त्यांच्याभोवती उतरला. "हलू नका! मोजा!" बाई कुजबुजल्या. "बाई, भरती येतेय!" माझी मैत्रीण रडकुंडीला आली. "येऊ दे गं! ते परत आलेत ना, ते बघ आधी!" पाणी साडीला लागलं तरी बाई खांबासारख्या उभ्या. मोजून झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना ओढलं. बाई निघाल्या, चपला आतच राहिल्या. अनवाणी, चिखलाने माखलेल्या बाई बसस्टॉपपर्यंत नुसत्या हसत होत्या. पुढे मीही बरीच वर्षं पक्षी मोजले. पण पाय रुतला की मी आधी बोंब मारते, पक्षी नंतर मोजते.