लवंगीची तोंडी परीक्षा

लवंगीच्या नाकावर कायम राग असतो, असं तिच्या घरचे सांगतात. खोटं नाही. पण तो राग तिथे कुणी नेऊन ठेवला, ते मात्र सांगत नाहीत. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले. घरातली माणसं बोलकी. जेवताना सगळे एकदम खो खो हसायचे, आणि काय झालं म्हणून हिने बाही ओढली की आई, बाबा, दादा, जो हाताशी असेल तो एकच खूण करायचा, नंतर सांगतो. ते नंतर कधी उजाडायचं नाही. फारच हात धुऊन मागे लागली तर दादा तासाभराच्या गप्पा एका वाक्यात उरकायचा. काही नाही, काकांची गंमत. अंगकाठी एवढीशी आणि स्वभाव असा, म्हणून नाव पडलं लवंगी.

ही पोरगी विद्यापीठात भूशास्त्र शिकायला गेली. दगड कुणाशीच बोलत नाहीत म्हणून तुझं त्यांच्याशी जमतं, असं दादा चिडवायचा. निदान ते नंतर सांगतो म्हणत नाहीत, असं तिने हातांनीच त्याला सुनावलं होतं.

विद्यापीठात तिला मावशी भेटली. सख्खी नव्हे. ती विद्यापीठाची खुणांच्या भाषेची दुभाषी, आणि मावशी हे तिचं जगन्मान्य नाव. वर्गात सरांच्या बाजूला उभी राहून ती त्यांचं बोलणं हातांत उतरवायची. अडचण एकच होती. या विषयातल्या निम्म्या शब्दांना खुणाच नव्हत्या. मग दोघी कँटीनमध्ये चहाचे कप बाजूला सारून बसायच्या. मावशीला दगडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती विचारायची, हे करतं काय ते सांग. लवंगी समजावायची, आणि त्या समजावण्यातूनच खूण जन्माला यायची. जमिनीला तडा जाऊन एक बाजू खाली घसरली, तर शेजारी धरलेल्या दोन तळव्यांपैकी एक सटकन खाली. उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला खडक म्हणजे खालून बोटांची आच, वरून दुसऱ्या तळव्याचा भार, मध्ये मळली जाणारी मूठ. कुठलीही खूण पसंत पडली नाही की लवंगी ती मोडून पुन्हा करायची. असा त्या दोघींचा अख्खा शब्दकोश हातांत तयार झाला होता. तो कुठे लिहिलेला नव्हता.

शेवटच्या वर्षाला विद्यापीठाने ही सगळी सेवा एका कंपनीकडे सोपवली. मावशीला फुलांचा गुच्छ मिळाला आणि नारळ मिळाला. ती समोरच्याच रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात काउंटरला लागली. तिच्या विद्यापीठातल्या खोलीत मोडक्या खुर्च्या आल्या. आता वर्गात लवंगीपुढे लॅपटॉप, आणि पडद्यावर दरवेळी नवा चेहरा. माणसं वाईट नव्हती बिचारी. पण त्यांना विषय नवा, लवंगी नवी, आणि कंपनीचा नियम असा की खूण माहीत नसेल तर शब्द एकेक अक्षर करून दाखवायचा. एक लांबलचक शब्द अक्षरं जोडत संपेपर्यंत सर पुढच्या दगडावर गेलेले असायचे. मधेच पडदा गोठायचा आणि दुभाष्याचा हात हवेत तसाच लटकायचा. तास संपला की तोच पडदा विचारायचा, सेवा कशी वाटली, हसरा चेहरा निवडा.

लवंगी विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी गोड बोलून हात झटकले. कंपनीचे दुभाषी प्रशिक्षित आहेत, म्हणाले, आणि तोंडी परीक्षेचंच टेन्शन असेल तर तू लेखी दे, सोपं जाईल. लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडी परीक्षेत परीक्षक उलट प्रश्न विचारतात, उत्तर अर्धवट असेल तर सावरायला संधी मिळते, वाद घालता येतो. ते बाकी सगळ्यांना मिळणार आणि हिला कागद. आणि या परीक्षेवर तर तिची पदवी अडकलेली होती.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर दगड मांडलेले होते. पलीकडे विभागप्रमुख बाई आणि बाहेरगावाहून आलेले परीक्षक, दाराशी अधिकारी, आणि लॅपटॉपमध्ये हेडफोन लावलेला एक सभ्य तरुण. परीक्षकांनी एक पट्ट्यापट्ट्यांचा दगड पुढे सरकवला. हे पट्टे कसे आले?

हा प्रश्न लवंगीच्या हातचा मळ. तिने मूठ मळली, खालून आच दिली, वरून भार टाकला, मग विखुरलेली बोटं दाबाखाली आडवी होत होत एका ओळीत कशी येतात ते सावकाश दाखवलं. हे थर एकावर एक साचलेले नाहीत, हेही आवर्जून सांगितलं. तिचे हात थांबले आणि तरुणाचे ओठ जेमतेम हलले. "दगड दाबला गेला. गरम झाला." एवढंच. परीक्षकांच्या चेहऱ्यावर कीव उतरलेली तिने पाहिली.

तिने हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

अधिकारी धावले. बाईंनी कागदावर लिहिलं, उत्तर लिहून दे, वेळ देऊ. तिने नकारार्थी मान हलवली. मग गैरहजर धरावं लागेल, असं बाईंनी खाली लिहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. घाबरली तर लवंगीही होती. तीन वर्षं मातीत जातील हे तिला दिसत होतं. तरी ती उठली, खडू घेतला आणि फळ्यावर ठळक लिहिलं.

"मी उत्तर दिलंय. मला विषय येतो. दुभाषी लागते ती तुम्हाला. समोरच्या चष्म्याच्या दुकानात आहे, बोलवा."

आणि हाताची घडी घालून खुर्चीवर बसली.

अधिकारी म्हणाले की करार झालेला आहे, बाहेरच्या माणसाला आत घेता येणार नाही. परीक्षकांनी फळा पुन्हा एकदा वाचला.

"मीसुद्धा बाहेरचाच आहे," ते म्हणाले. "बोलवा."

मावशी दुकानाचा बिल्ला छातीवर तसाच ठेवून आली. तोच दगड, तोच प्रश्न. लवंगीचे हात सुरू झाले आणि मावशीचा आवाज चालत राहिला, थांबायचं नाव घेईना. परीक्षकांनी आडवे प्रश्न टाकले, लवंगीने उलटून उत्तर दिलं, बाईही मध्ये पडल्या. पुढे एका काळ्या दगडावर मात्र ती अडकली. माहीत नाही, असं तिने मान ताठ ठेवून दाखवलं, आणि मावशीनेही ते तसंच, काहीही सारवासारव न करता सांगितलं. उत्तर चुकलं तरी ते तिचं स्वतःचं होतं. बऱ्याच वर्षांत तिला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

ती पास झाली. बाहेर व्हरांड्यात अधिकाऱ्यांनी मावशीकडे बघून बजावलं की हा अपवाद होता, पुढे एम.एस्सी.ला आली तर हे चालणार नाही, तिला सांगा. लवंगीने शेजारच्या टेबलावर थाप मारली. ते दचकून तिच्याकडे वळले.

"माझ्याशी बोलताय ना? मग माझ्याकडे बघून बोला," मावशीने तिचे हात वाचले.

त्यांनी तिच्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. लवंगीने दोन्ही तळवे एकमेकांवर आपटून मिटले.

"पुढच्या वेळीही मी झाकण लावणार," मावशी म्हणाली.