पडद्यावरची विधवा आणि आमची अक्का

ऐंशीच्या दशकात आमच्या जळगावच्या फिल्म सोसायटीत आफ्रिकन सिनेमा येणार म्हटल्यावर नेहमीच्या दुप्पट गर्दी झाली. कलेशी तिचा संबंध नव्हता. सोसायटीच्या सिनेमांना सेन्सॉरची कात्री लागत नाही, ही खबर पार पिंप्राळ्यापर्यंत पोचली होती. शिवाय आफ्रिका म्हणजे सिंह, ढोल आणि उघड्या अंगाच्या बाया, अशी भल्याभल्या प्राध्यापकांची समजूत. माझे वडील, नाना, सोसायटीचे उपाध्यक्ष. शाळेत मुख्याध्यापक, घरात हुकूमशहा आणि रविवारी सकाळी दहा ते एक पुरोगामी.

पडद्यावर निघालं भलतंच. चूल, अंगण, धान्य कांडणाऱ्या दोन जावा. त्यातल्या एकीचा नवरा मरतो आणि घरातले जाणते ठरवतात, हिने आता धाकट्या दिराशी संसार मांडायचा. सिंह काही येईना. दोघे-तिघे बिडी ओढायला म्हणून उठले, ते परतलेच नाहीत.

इंग्रजीचे एक प्राध्यापक पडद्यावर खाली उमटणारी इंग्रजी वाक्यं मोठ्याने मराठीत सांगत होते. त्यात ऑपरेटरने तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं. नवरा मेला, दिराची बोलणी झाली आणि मग मेलेला नवरा हात धुऊन जेवायला बसला. प्राध्यापकांनी त्याचंही बोलणं मराठीत सांगितलं. पुढे चर्चेत एकाने 'दिग्दर्शकाने काळाची केलेली मोडतोड' फार वाखाणली. शहाण्यांची गर्दी जमली की असंच होतं.

मागच्या बाकांवर आम्ही बायका. माझ्या शेजारी कॉलेजातली नवी मैत्रीण, आमच्या घरी अजून न आलेली; तिच्या पलीकडे माझी थोरली बहीण, अक्का. तिचा नवरा जाऊन आठ महिने झाले होते, ती माहेरीच होती. आदल्याच आठवड्यात नरडाण्याकडून तिचे सासरे आले होते. "भाऊ, घरनी लक्ष्मी घरमाच बरी शे," असं म्हणून त्यांनी धाकट्या मुलाशी तिचा पाट लावायचं सुचवलं. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, गाजावाजा न करता उरकलेलं. दीर एकोणीस वर्षांचा. अक्कानेच त्याला दहावीचं गणित शिकवलेलं. तो तिला मान वर करून उत्तरही देत नसे. अक्का दोनदा नको म्हणाली. नाना म्हणाले, "तरणी विधवा घरात ठेवली तर लोक काय म्हणतील?" आणि होकार देऊन मोकळे झाले.

शेवटच्या रिळात ती आफ्रिकन बाई सगळ्या जाणत्यांसमोर उभी राहून नाही म्हणाली. दिवे लागले, आणि नाना बोलायला उठले. आवाज असा लावला की बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकावं. म्हणाले, या एका स्त्रीच्या नकारात अख्ख्या खंडाचा स्वाभिमान आहे. टाळ्या पडल्या. मला शिसारी आली.

अक्का उठली. पदर नीट केला. म्हणाली, "नाना, तिचं 'नाही' तुम्हाला इतक्या लांबून ऐकू आलं. मी तर आपल्याच स्वयंपाकघरातून दोनदा म्हटलं."

अध्यक्ष खाकरले. "ताई, कृपया सिनेमापुरतं बोला." मग चहा आला, आणि सगळे पुरोगामी बिस्किटांवर तुटून पडले.

त्याच संध्याकाळी नानांनी नरडाण्याला नकाराचं पत्र टाकलं. त्यांना पटलं वगैरे काही नव्हतं. सोसायटीच्या चाळीस माणसांनी ऐकलं होतं, आता लोक काय म्हणतील, एवढंच. अक्का पुढे डी.एड. झाली आणि धुळ्याच्या शाळेत लागली.

नानांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले, आजही ठेवते. पण त्या सकाळी अक्का उभी राहिली तेव्हा सगळा हॉल मागे वळून आमच्या बाकाकडे बघत होता. मैत्रिणीने हळूच विचारलं, "ही तुझी बहीण ना गं?"

मी मान खाली घालून म्हटलं, "लांबची."