अण्णा परत का आले?

भाजीवाल्या रंजनाचा फोन आला तेव्हा मी दुधावरची साय काढत होते. "ताई, सर पडल्यात बगा. गटारीवरची फरशी हालली अन् पाय अडकला. उठाय येईना त्यास्नी. दोघंबी लगेच या," ती म्हणाली. सर म्हणजे अण्णा, माझे थोरले भाऊ. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकटेच राहायचे. आम्ही नवरा-बायको धावत गेलो, तर अण्णा रंजनाच्या पोत्यावर पाय लांब करून बसलेले, हातात कुणीतरी दिलेला चहा, भोवती माणसांचा घोळका, आणि त्या सगळ्यांना ते तावातावानं सांगत होते, "माझ्याकडं काय बघतासा? ती फरशी बघा आधी." मला हायसं वाटलं. रागावलेत म्हणजे ठीक आहेत, असा आमच्या घरात अण्णांच्या बाबतीतला हिशेब होता. पण खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि आठवड्याच्या आत छातीत कफ साठून अण्णा गेले. त्याला आता महिना उलटून गेला. घर हळूहळू सावरतंय. मी मात्र एका प्रश्नापाशी अडकून बसले आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण तो विचारतो आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर देते. चांगले परदेशात मुलीकडे राहत होते, मग अण्णा परत का आले?

आमचं मूळ घर गडहिंग्लज तालुक्यातलं, शेतकरी जैनांचं. अण्णा शिकायला म्हणून कोल्हापूरला आले आणि इथंच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले. देशादेशांतल्या माणसांचं जगणं मोजायचं कसं, हा त्यांचा आवडता विषय. कुठल्या देशात माणूस किती वर्षं जगतो, किती शिकतो, किती कमावतो, हे एकत्र करून देशांचे नंबर लावतात, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं. वर्गात ते म्हणे परदेशापासून सुरुवातच करत नसत. पोरांना सांगायचे, गडहिंग्लज आणि हुपरी, यांतलं कुठलं गाव जास्त सुखी, हे ठरवायचंय. काय काय मोजाल ते सांगा. पोरं दवाखाने सांगायची, शाळा, पाणी, चांदीचा धंदा, उसाचा दर. एकदा एका मुलीनं उठून सांगितलं, "सर, लग्न झालेली पोरगी वर्षातनं किती वेळा माहेरी येती ते मोजा." वर्ग हसला. अण्णा हसले नाहीत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं, आणि पुढं कितीतरी वर्षं जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "शालन, त्या पोरीचं चुकलं कुठं, ते मला अजून सापडलेलं न्हाय. आणि बरोबर असंल तर ते आकड्यात बसवायचं कसं, तेबी कळंना."

दुसरी एक रीत त्यांना त्याहून जास्त छळायची. माणसालाच सरळ विचारायचं. समजा, एक शिडी आहे दहा पायऱ्यांची. वरच्या टोकाला तुला मिळू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाला वाईटातलं वाईट. तर तू आज कितव्या पायरीवर? एवढ्या एका प्रश्नावरून देशांची तुलना करतात, म्हणायचे. मग दिसेल त्याला विचारत सुटायचे. मला तर स्वयंपाकघरात येऊन विचारायचे. मी म्हणायची, "अण्णा, भाकरी करपायली, बाजूला व्हा." ते गंभीरपणे म्हणायचे, "म्हणजे आत्ता विचारलं तर चार. जेवण झाल्यावर विचारलं तर आठ. आणि असल्या आकड्यावर आम्ही देशाला पास-नापास करतो." तरी त्यांचा त्या मोजण्यावरचा विश्वास उडाला नव्हता. कुणी चेष्टा केली तर तेच उलट वाद घालायचे. मोजलंच नाही तर कुणाचं काय चाललंय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी गेल्या आणि वर्षभरात मेघना, त्यांची एकुलती एक लेक, त्यांना नेदरलँड्सला घेऊन गेली. ती तिकडे एका लहान शहरात नवऱ्यासोबत राहते. आमच्याकडे सगळ्यांनी मनात धरलं होतं की अण्णा सहा महिन्यांत कंटाळून परत येणार. माझे यजमान वारणानगरच्या दूधसंघातून निवृत्त झालेले, बोलायला रोखठोक. त्यांनी तर विमानतळावर निघतानाच सांगितलं, "अण्णा, करमंना झालं की निगून या. लाजू नगासा." पण अण्णा रमले. फोनवर तासभर बोलायचे. फुटपाथ इतके रुंद की दोन बैलगाड्या जातील, म्हणायचे. बस सांगितलेल्या मिनिटाला येते. चालत ग्रंथालयात जातो, चालत परत येतो, कुणी हॉर्न वाजवत नाही. फक्त जेवणाची पंचाईत झाली. आमच्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवायची रीत. अण्णा फारसे धार्मिक नव्हते, पण ती सवय सुटली नव्हती. तिथं हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, आणि उन्हाळ्यात रात्रीचे दहा वाजले तरी ऊन. "शालन, हितला सूर्य काय आपल्या घरातला न्हाय," म्हणायचे. शेवटी मेघनानं घड्याळ बघून जेवायला बसवायची सवय लावली. शेजारी एक वयस्क बाई राहायच्या, मारिया नावाच्या. त्यांना इंग्रजी थोडंसंच यायचं, अण्णांना डच अजिबात नाही. तरी दोघं कालव्याकाठच्या बाकावर बसायचे. काय बोलतासा, असं मी विचारलं तर म्हणायचे, "काय की. पण बोलतो."

म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अण्णा अचानक परत आले, तेव्हा आम्ही चक्रावून गेलो. मी बोलावलं नव्हतं. उलट गुडघे दुखायला लागल्यापासून मीच त्यांना सांगत होते, तिथंच राहा, तिथं तुमची नीट देखभाल होते. मेघनाला त्यांनी सांगितलं होतं, घराची कागदपत्रं बघायची आहेत, बघून येतो. माझ्या यजमानांना म्हणाले, तिथलं पाणी सोसेना. रंजनाला म्हणाले, तिथं चांगली मेथी मिळत नाही. आणि एका दुपारी आमच्या ओट्यावर बसलेले असताना मला म्हणाले, "शालन, तिथं मला कुणाचा रागच येईना गं." मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते समोर बघत होते. "सगळं जिथल्या तिथं. भांडावं असं काय न्हाय. चांगलंच हाय की ते. पण सकाळी उठलो की वाटायचं, आता हितं माझं काय काम?" मी विचारलं, "म्हणजे तिथं तुम्ही दुःखी होता?" तर लगेच म्हणाले, "न्हाय न्हाय. तसं अजिबात न्हाय."

इथं आल्यावर मात्र दिवसभर रागावलेलेच असायचे. पाणी उशिरा आलं, की राग. गल्लीत दुचाक्या आडव्या लावल्या, की राग. रिक्षावाल्याशी भांडायचे आणि मग त्याच रिक्षातून त्याच्या पोरीच्या ॲडमिशनची चर्चा करत घरी यायचे. "तिथं मला चालता येत होतं," हे तर रोजचं. एकदा यजमान वैतागले. "अण्णा, तिथं सगळं हाय म्हंतासा, मग परत आलासा कशाला? आन् आलासा तर मग रडतासा कशाला?" अण्णा म्हणाले, "व्हय, दोन्ही खरं हाय. दोन्ही खरं असलं म्हणून काय झालं?" त्यांचाच प्रश्न त्यांना विचारावा म्हणून मी एकदा म्हटलं, तुमची पायरी कितवी, ते सांगा. अण्णांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "तिथं मेघनानं इचारलं तवा सात म्हटलो होतो. तू आत्ता इचारलंस, तर सातच येतंय." आणि हे सांगताना ते इतके गोंधळलेले दिसले की मला विचारल्याचं वाईट वाटलं. सगळा जन्म ज्यात घालवला, त्यातूनच त्यांना स्वतःविषयी काही कळत नव्हतं.

ऑपरेशननंतरच्या दिवशी दवाखान्यात माणसांची रीघ लागली. कॉलेजातले जुने सहकारी, विद्यार्थी, गडहिंग्लजहून आलेले भाऊबंद, रंजना तिच्या नवऱ्याला घेऊन. सिस्टर सारखी ओरडत होती. अण्णांना धाप लागत होती. त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "सगळ्यांना बाहेर पाठव. मला जरा एकटं राहू दे." मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटून घेतलं. खोलीत शांत झालं. थोड्या वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून अण्णांनी विचारलं, "बाहेर कोण कोण हाय?" मी एकेक नाव सांगत गेले. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते. मग म्हणाले, "मेघना?" मी म्हटलं, "विमानात बसलीय. सकाळी पोचेल." "तिला म्हणावं, सावकाश ये," ते म्हणाले. त्यांच्याशी झालेलं माझं नीट बोलणं ते शेवटचं. मेघना आली तेव्हा त्यांना आयसीयूत हलवलं होतं. तिच्या हाताची बोटं त्यांनी धरून ठेवली, पण बोलणं नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर एका संध्याकाळी मेघना माझ्यासमोर बसली. "आत्या, खरं सांग. तू त्यांना ये म्हणालीस का?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला की नाही, माहीत नाही. "तिथं असते तर बाबा पडलेच नसते," ती म्हणाली. "एका फरशीपायी माणूस जातो, हे मला तिथं कुणाला सांगताही येणार नाही." माझे यजमान हळूच म्हणाले, "बाळ, तिथं बर्फावरनं बी पडत्यात की माणसं." मेघना म्हणाली, "हो. पण तिथं बर्फ काढतात, काका." मग तिनंच सांगितलं की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथं किती महिने लांबलं होतं, आणि इथं मात्र त्यांना पडल्या दिवशी संध्याकाळी टेबलावर घेतलं. हे सांगून झाल्यावर आपण हे का सांगितलं, ते तिलाही कळलं नसावं. ती रडायला लागली.

जाण्याआधी तिनं मला फोनमधला एक व्हिडिओ दाखवला. कालव्याकाठचा बाक, अण्णा आणि त्या मारियाबाई. बाई काहीतरी सांगतायत, एक बदक त्यांच्या पिशवीत तोंड घालतंय, आणि अण्णा हसतायत. डोकं मागं टाकून, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी माझ्या भावाला सगळा जन्म पाहिला, पण असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ते कधीच असे हसले नाहीत. इतके दिवस मी मनाशी धरून होते की त्यांना आमची ओढ होती म्हणून ते आले… तो व्हिडिओ पाहिल्यावर तेही खात्रीनं म्हणता येईना. मेघना म्हणाली, बातमी कळल्यावर मारियाबाईंनी एवढंच सांगितलं, की अण्णांनी त्यांना वसंतात परत येतो म्हटलं होतं. मला तर अण्णांनी सांगितलं होतं की आता कायमचा आलो. कोणाशी ते खरं बोलले? मला वाटतं दोघींशीही. पण ही माझी समजूत झाली, उत्तर नव्हे.

मेघना परत गेली. अण्णांच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे आहे. परवा उघडून झाडून घेतलं. दाराच्या मागं खिळ्याला त्यांचा लोकरीचा कोट लटकतोय, काळा, गुडघ्यापर्यंत येणारा, तिथल्या थंडीतला. कोल्हापुरात त्या कोटाचं काही काम नाही. इथल्या कुणाला तो होणारही नाही, इतके अण्णा उंच. तरी त्याला कसर लागली नव्हती, खिशात डांबराच्या गोळ्या होत्या, कॉलर पुसलेली होती. मी तो उचलून गच्चीवर नेला, उन्हात घातला. चांगलाच जड आहे, दोरी खाली वाकली. पलीकडे नव्यानं राहायला आलेली एक बाई पापड वाळत घालत होती. तिला आमच्या घरची काही माहिती नव्हती. कोटाकडे बघून म्हणाली, "एवढा मोठा कोट? कोण परदेशी निघालंय काय, मावशी?"

मी कोट दोरीवर सारखा केला, बाह्या सरळ केल्या आणि म्हणाले, "अजून काय ठरलं न्हाय."