वनिताताईंनी न वाजवलेली पेटी

वनिताताई रोडे पेटीवर बसल्या की गायकाला धीर येतो. त्याची ओळ संपली रे संपली, की ताई तीच ओळ पेटीवर उचलतात. मध्ये जरासुद्धा फट राहत नाही. इथे कॅनडात, विंडसरच्या आमच्या मंडळातले निम्मे गायक त्यांच्याच जिवावर गातात. त्यात मीही आलो. एरवी त्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणीला असतात, आणि तिथेही त्यांच्या हातून वाकडा भाग पुढे गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यामुळे गुलामगिरीवरच्या टीव्ही मालिकेत वाजवायचं बोलावणं त्यांना आलं, तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. मालिका चार भागांची, डेट्रॉइटहून नदी ओलांडून इकडे पळून आलेल्या माणसांची. संगीतकार चिराग टोरांटोचा. त्याला जुन्या चर्चमधल्या ऑर्गनसारखा सूर हवा होता, तो आपल्या पेटीत सापडला. पडद्यावर ताईंचं नाव येणार होतं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं. शेवटचा भाग मंडळाने एकत्र बघायचा, हे मी परस्पर जाहीरही करून टाकलं.

स्टुडिओत पेटी उचलायला मीच गेलो. गाणाऱ्या होत्या ऐंशीच्या मिसेस प्रिन्स. गाणं त्यांच्या घरातलं, खापरपणजीबरोबर नदी ओलांडून आलेलं. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. ताईंनी सवयीने लगेच ओळ उचलली. सुरेख उचलली, खोटं कशाला बोलू!

मिसेस प्रिन्सनी हात वर केला. त्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "तिथे माझ्या खापरपणजीच्या दोन बहिणी गातात. त्या तिकडेच विकल्या गेल्या. त्यांची ओळ होईपर्यंत आम्ही थांबतो."

चिराग गडबडला. "आंटी, बट स्क्रिप्ट में लिखा है, ऑर्गन आन्सर्स. आपका पार्ट बस इतना ही है. ये कट किया तो क्रेडिट्स में आपका नाम भी नहीं आएगा."

मी हळूच म्हटलं, "ताई, बारीक वाजवा ना. कोणाला कळतंय?"

"चंद्रकांतभाऊ, गप्प बसा," ताई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, कोणी थांबलं की मी भरते. ही जागा माझी नाहीये." मग चिरागकडे वळून, "राइटर को फोन लगाओ. मैं बात करती हूँ."

मालिकेच्या लेखिकेशी त्या दहा मिनिटं बोलल्या. आवाज चढला नाही, पण त्या हटल्याही नाहीत. ऑर्गनची ओळ खोडली गेली. ताईंनी भाता बंद केला आणि शेवटपर्यंत गाणं ऐकत बसल्या. मला मात्र वाईट वाटत होतं, घरी पोचेपर्यंत.

शेवटच्या भागाला हॉलमध्ये चाळीस माणसं होती. पडद्यावर पहाटेची नदी, मिसेस प्रिन्सचा आवाज, आणि मग काहीच नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. दुसरी ओळ येईपर्यंत मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. शेजारी पाहिलं, तर ताईंनी दोन्ही हातांची बोटं मांडीवर घट्ट दाबून धरली होती.

नावं सुरू झाली. सगळे ताईंचं नाव शोधत होते, कुजबुज वाढत होती. मिसेस प्रिन्सचं नाव आलं, तशा ताई खुर्ची मागे सारून उठल्या आणि सगळ्यांच्या आधी, हात दुखतील इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागल्या.