दुसऱ्या मुसळाची माणसं

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. शिरढोणच्या बाजूला एका वाडीत भामा राहायची. ही भामा धवलारीण, म्हणजे लग्नघरी हळदीपासून पाठवणीपर्यंत विधीची गाणी म्हणणारी. गाऊन गाऊन तिनं आसपासची किती घरं जोडली, आणि स्वतःच्या घरात मात्र एकटीचं ताट!

आता तिची गंमत ऐका. लग्नाचे तांदूळ कांडताना एका उखळाशी दोघी उभ्या राहतात, मुसळं आळीपाळीनं पडतात. त्यावरून भामानं माणसांच्या दोन तऱ्हा पाडल्या होत्या.

"काय मानसं पहिल्या मुसळाची, काय दुसऱ्या. पहिली आधी भांडणार, आधी बोलणारबी. दुसरी नुसती वाट बघणार. एकेक मिळाली का संसार तालात. दोनी पहिली, तर मुसळावर मुसळ. आन् दोनी दुसरी, तर कोंडासुदीक सुटायचा नाय!"

वाडीतला काशिराम मांडवात मुद्दाम विचारी, "धवलारणी, मी कुठला गो?"

"तू? तू उखळ! बायको दोनी हातांनी कांडते तुला."

मांडव हसून लोटपोट व्हायचा. भामाही हसायची. घरी गेल्यावर हसायला कोणी नसायचं.

तिचा मुलगा आनंदा पनवेलला तांदळाच्या वखारीत कामाला लागला, तेव्हाची गोष्ट. गाडीत सामान चढलं. सून मालू उंबऱ्यात थांबली, सासू 'राहा' म्हणेल म्हणून. भामा चुलीपाशी थांबली, सून 'राहते' म्हणेल म्हणून. बैलांनी मान हलवली आणि गाडी गेली. पुढं येणंजाणं तुटलं ते तुटलंच.

"आमी दोघी दुसऱ्या मुसळाच्या. कोन काय करनार?" असं म्हणून भामानं स्वतःची समजूत घातली होती.

एकदा लग्नाहून दमून आली नि दारात उभी राहून म्हणाली, "मालू, दार उघड गो." कुलपाची किल्ली तिच्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी ती पनवेलची वाट चालू लागली.

आनंदाच्या खोलीमागच्या अंगणात पोहे कांडणं चाललं होतं. मालू आणि शेजारची वेणू. भामा कोपऱ्यावरच थबकली. पहिला घाव मालूचा पडत होता!

"वेणू, झोपलीस काय? हाण की!" मालू खदखदून हसत होती.

हे हसू भामानं आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मग आपल्या दारात हिला दुसरी केली कुणी?

"मालू," तिनं हाक मारली.

मालूचं मुसळ तिथंच थांबलं. तिनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली. वेणू शहाणी; आपलं मुसळ भिंतीला टेकवून पाणी आणायला आत गेली.

भामानं ते मुसळ उचललं आणि जोरानं हाणलं. "त्या दिशी मला 'राहा' म्हनायचं हुतं."

भामा थांबली.

मग मालूचा घाव पडला, जरा उशिरानं. "आई, मला रावायचंच हुतं."

पोहे होईस्तोवर दोघी कांडत राहिल्या. ताल चुकला नाही.

आनंदाचं काम पनवेलला, मालूची माणसंही आता तिथलीच. सांजेला भामा पदरात पोहे बांधून एकटीच परतली.

पुढच्या लग्नात काशिरामनं नव्या नवरीकडं बोट केलं. "धवलारणी, ही कुठल्या मुसळाची?"

भामानं नवरीकडं एकदा नीट पाहिलं.

"तिच्या समोर कोन उभं ऱ्हानार, ते सांग आदी."