हनुवटीनं ऐकणारा

एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास शुक्रवार पेठेत एक म्हातारा स्वतः बनवलेले स्वस्तातले बुलबुलतरंग विकायचा. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते. लाकडाला हनुवटी टेकवून, डोळे मिटून तो तारा जुळवायचा. गिऱ्हाइकाला वाजवायला लावून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा.

मला वाजवता येत नव्हतं, शिकायचं होतं. पण कान शाबूत होते.

"बरोबर लागलाय न्हवं, अक्का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"आजपतुर समदी व्हय म्हनली की," एवढंच तो बोलला.

तरी मी तो बुलबुलतरंग घेतला. पुढच्या आठवड्यात त्याच जागी तो कंगवे विकत होता.

खरं बोलल्याचा मला पस्तावा नाही. पण त्या तारा मी कधी दुसऱ्या कुणाकडून जुळवून घेतल्या नाहीत.