रुकडीच्या गाडीपर्यंत

माझ्या लग्नाचा निर्णय पंचगंगेच्या काठाने चालता चालता व्हायचा होता. नव्वदचे दशक सरत आले होते. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवत असे आणि ती इंग्रजी. आमच्या घरचा होकार होता, तिच्या आईचाही होता. अडले होते ते तिच्या वडिलांपाशी. शिवाजी पेठेतल्या तालमीत उभे आयुष्य काढलेल्या त्या गृहस्थांची माझ्याविषयी एकच तक्रार होती : "पोरगा चांगला हाय, पर बोलतच न्हाय की! पोटात काय हाय, कळायचं कसं?"

दर हिवाळ्यात, पुराच्या गाळाची, मळीची जमीन नीट वाळली, की नदीच्या घाटापासून रुकडीपर्यंत काठाकाठाने चालत जायचे आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परतायचे, असा त्यांचा नेम होता. त्या वर्षी त्यांनी निरोप धाडला, "पावण्यास्नी संगट येऊ दे. रुकडीच्या टेसनावर सांगतो काय त्ये."

"मामा म्हणू नकोस हं," तिने मला बजावले. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. "होकाराआधी कुणी मामा म्हटलेलं त्यांना खपत नाही. काका म्हण."

सकाळी घाटावर धुके होते. काका धोतर, कोट आणि करकरत्या कोल्हापुरी पायताणांत उभे होते; मी नव्या कॅनव्हासच्या बुटांत. त्यांनी बुटांकडे पाहिले आणि चालू लागले. बावड्याच्या अंगाला नदी वळते, तिथे ऊस थेट पाण्यापर्यंत उतरलेला होता. बाभळींच्या शेंड्यांना वाळके गवत आणि चिंध्या लटकत होत्या. काकांनी काठी वर केली. "पावणं, श्रावणात पाणी तितवर हुतं. आता आपुन नदीच्या तळातनं चाललोय म्हना की!" मला ही कल्पना फार आवडली. तसे सांगावे असे मनात आले. पण मी नुसता हसलो.

पहिले गुऱ्हाळ लागले. चुलवाणावर रसाची मोठी काहील रटरटत होती आणि गुळाच्या वासाने सगळी मळी भरून गेली होती. कुणीतरी आवाज दिला, "या की पावणं, रस घ्या!" आले-लिंबू पिळलेला तांब्याभर रस हातात आला. पुढ्यात आलेले टाकू नये, हे आमच्या घरचे वळण. मी तांब्या तळापर्यंत रिकामा केला. तो तत्काळ भरला गेला. मी तोही रिकामा केला. काका दोन घोट घेऊन मिशा पुसत बसले होते.

हायवेच्या पुलाखालून पुढे गेलो. डोक्यावरून ट्रक धडधडत होते आणि खाली पाण्यात म्हशी निवांत डुंबत होत्या. वळिवड्याजवळ दुसरे गुऱ्हाळ, पुन्हा तोच प्रकार. दुपारी चिंचवाडच्या शिवारात एका जांभळीखाली काकांनी फडके सोडले. भाकरी, मिरचीचा खर्डा आणि कांदा. पोटात तीळभर जागा नव्हती. तरीही मी अडीच भाकरी खाल्ल्या.

"आनि वाढू?"

"चालेल, काका."

"चालंल म्हंजे? पायजे का नगं?"

"चालेल," मी पुन्हा म्हणालो, आणि त्यांनी भाकरी वाढली.

उन्हे कलताना बंधाऱ्यावरून नदी ओलांडली. एका अंगाला अडवलेले पाणी काठोकाठ उभे होते, दुसऱ्या अंगाला उघडे पडलेले गोटे आणि त्यांवर शेपटी हलवणारे धोबी पक्षी. टाचांना फोड आले होते, दोनदा उसात जाऊन यावे लागले होते. काकांनी विचारले, की मी मात्र "मजेत" म्हणत होतो. मृदू बोलणे आणि काहीच न बोलणे यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता. आज पन्नाशी उलटल्यावरही तो दर वेळी कळतो, असे नाही. आणि त्याचा जाच मला होतो त्याहून माझ्या माणसांना अधिक होतो.

रुकडीच्या वेशीवर आणखी एक गुऱ्हाळ होते. दाढीला काकवीचे थेंब चिकटलेला, गूळ करणारा गुळव्या तांब्या घेऊन सामोरा आला. मी तांब्याकडे पाहिले.

"नको," मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "आता एक थेंबही नको. सकाळपासून मला खरं तर नकोच होता. आणि काका, पाय सोलून निघालेत. मी इथे बसतो."

आणि मी चिपाडांच्या ढिगावर बसलो. संपले, असे मनाशी म्हणालो.

काकांनी गुळव्याकडे पाहिले. "बोललं बग पावणं! चिंचवाडापासनं वाट बघाय लागलोय."

"सकाळपासनं पितोय व्हय ह्यो?" गुळव्याने कपाळावर हात मारला. "आवो, तांब्यात घोटभर ऱ्हाऊ द्यायचा! रिकामा दिसला की आमी भरनारच की!"

दोघे इतके हसले, की उसाच्या गाडीचे बैलही माना वळवून पाहू लागले. मग काकांनी आपली पायताणे काढून माझ्यापुढे सरकवली, माझ्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते खांद्यावर टाकले आणि अनवाणीच स्टेशनची वाट धरली.

फलाटावर आम्ही शेजारी बसलो. मिरजेकडून गाडीचा दिवा दिसू लागला. मला राहवेना. दिवसात दुसऱ्यांदा मी आपणहून बोललो.

"काका, तुम्ही सांगणार होता."

"माझी पोरगी तोंडाची फाटकी हाय," ते म्हणाले. "समूरचा गप बसला, की तिला वाटतं आपुन जितलो. मग आयुक्षभर एकटीच बोलत बसती. तवा नगं आसंल तितं नगं म्हनायचं. जमंल?"

"जमेल," म्हणता म्हणता मी थांबलो. "प्रयत्न करीन. लगेच जमेल असं नाही वाटत."

गाडी धडधडत फलाटाला लागली. ते उठले, खांद्यावरचे बूट सावरले आणि पायरीवर पाय ठेवून मागे वळले.

"चला. आन् त्ये काका काका आता बास करा."


"बरं, मामा," मी म्हणालो, आणि त्यांची पायताणे फरफटवत गाडीत चढलो.